समाजाभिमुख संशोधनाचे अर्थसाहाय्य

समाजाभिमुख संशोधनाचे अर्थसाहाय्य : समाजापुढील प्रत्यक्ष प्रश्नांचा शोध घेण्यासाठी विद्वानांनी किंवा पीएच्.डी.सारख्या पदवीसाठी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी केलेल्या अभ्यासास व्यक्ती, संस्थाने, विश्वस्त निधी, विद्यापीठे वा शासन यांच्याकडून मिळणारी आर्थिक मदत. जमीनधारणा, जातिव्यवस्था, दारिद्र्य, स्थलांतर, विस्थापन, शिक्षण, पर्यावरणाचा ऱ्हास हे या अभ्यासाचे नेहमीचे विषय होत. या मदतीचे तीन प्रकार मानता येतात. शिष्यवृत्ती ही शिकणाऱ्याच्या निर्वाहासाठी असते, अधिछात्रवृत्ती ही पदव्युत्तर संशोधकास ठराविक मुदतीपर्यंत अन्य व्यवसायापासून मोकळे ठेवते, तर प्रकल्प-अनुदान हे एखाद्या नेमक्या पाहणीचा खर्च भागविते. प्रयोगशाळेतील संशोधनात पैशाचा मोठा भाग उपकरणांवर खर्च होतो. सामाजिक संशोधनात तो मुख्यतः वेळ आणि प्रवास यांवर खर्च होतो. गावोगाव हिंडणे, कुटुंबांच्या याद्या करणे, तलाठ्याच्या दप्तरातील नोंदी उतरून घेणे आणि मिळालेली माहिती पडताळून पाहणे या कामांना वर्षे लागतात. ती वर्षे कोणाच्या पैशाने मिळाली आणि कोणत्या अटींवर मिळाली, यावर पुष्कळदा संशोधनाचा प्रश्नच ठरतो.

या दृष्टीने रत्नागिरी जिल्ह्याचा इतिहास विशेष बोधप्रद आहे. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत रत्नागिरी जिल्ह्याची हद्द दक्षिणेस गोव्यापर्यंत होती. डोंगराळ व तुकड्यातुकड्यांची शेतजमीन, खोतांची मधली सत्ता आणि मुंबईच्या गिरण्यांकडे व गोदीकडे जाणारे चाकरमानी यांमुळे हा जिल्हा मनीऑर्डरीवर जगणारा म्हणून ओळखला जाई. येथून मजुरांप्रमाणे विद्वानही बाहेर गेले. मात्र त्यांच्या संशोधनास लागणारा पैसा बहुधा जिल्ह्याबाहेरून आला : पुणे, मुंबई, बडोदे, कोल्हापूर, पुढे दिल्ली. तो ज्या अटींवर आला, त्या अटींचा ठसा त्या त्या काळातील संशोधनावर उमटलेला आहे.

दक्षिणा निधी : महाराष्ट्रात विद्येस सार्वजनिक पैशातून आधार देण्याच्या अर्वाचीन पद्धतीचे मूळ पेशव्यांच्या श्रावणमासातील दक्षिणेत सापडते. पेशवाईच्या अस्तानंतर मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन याने दक्षिणेसाठी वार्षिक सुमारे ५० हजार रुपयांची तरतूद चालू ठेवली व त्यातूनच १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा स्थापन झाली. ही रक्कम केवळ ब्राह्मण शास्त्री-पंडितांना वाटण्याऐवजी तिचा काही भाग मराठी ग्रंथनिर्मितीस द्यावा, असा अर्ज १८४९ मध्ये पुण्यातील सुधारकांनी सरकारकडे केला. लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख हे त्यात प्रमुख होते. सनातनी मंडळींनी त्यास कडाडून विरोध केला. सार्वजनिक पैसा कोणत्या विद्येवर व कोणासाठी खर्च व्हावा, हा वाद महाराष्ट्रात प्रथम येथे उघडपणे झाला. पुढे दक्षिणा निधीतून ग्रंथांना बक्षिसे आणि महाविद्यालयांतून दक्षिणा-अधिछात्रवृत्ती देण्यात येऊ लागल्या. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे दक्षिणा-अधिछात्र होते. तसेच रामकृष्ण गोपाळ भांडारकर (१८३७–१९२५) हेही. भांडारकरांचा जन्म मालवणचा व शालेय शिक्षण रत्नागिरीचे. पुढे रत्नागिरीच्या सरकारी शाळेचे ते काही काळ मुख्याध्यापकही होते. संस्कृत विद्येसाठी मिळालेल्या या आधारावर उभे राहिलेले त्यांचे पांडित्य पुढे विधवाविवाह, संमतिवयाचा कायदा यांसारख्या प्रश्नांवर धर्मशास्त्रातील आधार तपासण्याच्या कामी आले. धर्मकृत्य म्हणून सुरू झालेल्या निधीची ही परिणती त्याच्या संस्थापकांच्या कल्पनेतही नसावी.

बडोद्याची शिष्यवृत्ती : अटींनी बांधलेल्या पैशातून मुक्त ज्ञान कसे निर्माण होऊ शकते, याचे भारतातील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर (१८९१–१९५६) यांचे शिक्षण. त्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. बालपणीचा काही काळ दापोलीत गेला. १९१३ मध्ये बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (१८६३–१९३९) यांनी त्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील अभ्यासासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर केली. शिक्षण पुरे झाल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावी, असा करार त्यांच्याकडून लिहून घेण्यात आला. करार नोकरीचा होता. अभ्यासाच्या निष्कर्षांविषयी त्यात बंधन नव्हते. हा भेद महत्त्वाचा आहे. या काळात आंबेडकरांनी अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानवशास्त्र व इतिहास यांचा अभ्यास केला. १९१६ मध्ये तेथील मानवशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींच्या उगमाविषयीचा निबंध वाचला. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवहाराच्या उत्क्रांतीवरील त्यांचा कोलंबियाचा प्रबंध १९२५ मध्ये लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला व तो त्यांनी सयाजीरावांना कृतज्ञतापूर्वक अर्पण केला.

शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. कराराप्रमाणे ते बडोद्यास रुजू झाले; परंतु संस्थानच्या राजधानीत अस्पृश्य म्हणून त्यांना राहण्यास जागा मिळाली नाही आणि अल्पावधीतच त्यांना बडोदे सोडावे लागले. दात्याचे औदार्य आणि दात्याच्या राज्यातील समाजव्यवस्था यांतील अंतर या प्रसंगाने उघडे पडले. यानंतरचे संशोधन त्यांनी तीन मार्गांनी पुरे केले : मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीच्या (१९१८–२०) पगारातील शिल्लक, कोल्हापूरचे शाहू छत्रपती (१८७४–१९२२) यांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा लंडन विद्यापीठाचा प्रबंध १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच विद्वानाच्या दहा वर्षांच्या अभ्यासास संस्थानी शिष्यवृत्ती, पगार, देणगी आणि कर्ज हे सर्व मार्ग धुंडाळावे लागले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

या अभ्यासाचा रत्नागिरीशी असलेला संबंध केवळ मूळ गावापुरता नाही. भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर आंबेडकरांनी १९१८ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. जमीन लहान की मोठी हे तिच्या क्षेत्रफळावरून ठरत नसून तिच्यावर लावलेले भांडवल व श्रम यांच्या प्रमाणावरून ठरते आणि शेतीवरील जादा मनुष्यबळ उद्योगांकडे वळविणे हा खरा उपाय होय, असे त्यात प्रतिपादन होते. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी, १७ सप्टेंबर १९३७ रोजी, मुंबई विधिमंडळात त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. सरकार व कसणारा यांच्यामध्ये उभा राहून सारा वसूल करणाऱ्या खोताचे अधिकार रद्द करून कुळांचा सरकारशी थेट संबंध जोडणे, हा त्याचा गाभा होता. विधेयकाच्या पाठिंब्यासाठी १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील हजारो शेतकऱ्यांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. विधेयक मंजूर झाले नाही. मात्र खोती नष्ट करणारा कायदा १९४९ मध्ये झाला. शिष्यवृत्तीच्या पैशाचा हिशेब पदव्यांच्या संख्येवरून मांडण्याची प्रथा आहे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीचा हिशेब तसा मांडल्यास तो अपुराच राहील. [→ खोती पद्धती].

विद्यापीठीय व संस्थात्मक साहाय्य : मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग पॅट्रिक गेडिस यांच्या प्रमुखत्वाखाली सुरू झाला. विद्यापीठाने स्वतःच्या शिष्यवृत्तीवर ज्यांना इंग्लंडला पाठविले, त्यांत मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये (१८९३–१९८३) हे होते. केंब्रिजहून १९२३ मध्ये पीएच्.डी. घेऊन ते परतले व १९२४ मध्ये विभागप्रमुख झाले. त्यांच्या हाताखाली प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांची मोठी परंपरा निर्माण झाली. विद्यापीठाचा पैसा हा संस्थानिकाच्या पैशापेक्षा वेगळा होता : त्याला नोकरीचा बोजा नव्हता, पण विभागप्रमुखाची आवड व पद्धती यांचे वजन विषयाच्या निवडीवर पडे.

दुसरी वाट पुण्यास निघाली. गुहागर तालुक्यातील कोतळूक येथे जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले (१८६६–१९१५) यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापन केला. सार्वजनिक प्रश्नावर बोलण्यापूर्वी त्याचा आकडेवारीसह अभ्यास करावा, ही गोखल्यांची शिकवण होती. त्यांच्या नावाने ६ जून १९३० रोजी पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली ती साताऱ्याचे रावबहादुर रा. रा. काळे यांच्या देणगीतून. पहिले संचालक धनंजय रामचंद्र गाडगीळ (१९०१–७१) यांनी ती १९६६ पर्यंत चालविली. पुण्यातील फळबाजार, मोटार वाहतूक, वाई तालुक्यातील शेतीव्यवहार, पुणे व सोलापूर या शहरांची सामाजिक-आर्थिक पाहणी असे विषय संस्थेने हाती घेतले. त्यांपैकी फारसे कोणतेही काम त्या वेळी प्रतिष्ठेचे समजले जात नव्हते. कायम निधी असल्यामुळे संस्थेला दरवर्षी दात्याच्या दारात उभे राहावे लागले नाही आणि म्हणूनच फळांच्या टोपल्या मोजण्यासारखे काम ती करू शकली. कायम निधी आणि वार्षिक अनुदान यांतील खरा फरक रकमेचा नसून प्रश्न निवडण्याच्या स्वातंत्र्याचा आहे.

मुंबईतील उद्योगपतींच्या पैशाची गती काहीशी विचित्र झाली. सर रतन टाटा यांच्या देणगीतून १९१२ मध्ये लंडन विद्यापीठात दारिद्र्याच्या कारणांच्या अभ्यासासाठी प्रतिष्ठान स्थापन झाले व आर्. एच्. टॉनी हे त्याचे संचालक झाले. हिंदी उद्योगपतीच्या देणगीतून इंग्लंडमधील कामगारांच्या दारिद्र्याचा अभ्यास प्रथम झाला. मुंबईत समाजकार्याच्या शिक्षणाची टाटा संस्था उभी राहण्यास १९३६ साल उजाडावे लागले. कोकणातील चाकरमानी या काळात मुंबईच्या खोल्यांतून दाटीवाटीने राहतच होते. कोकणातील एका खेड्याची व्ही. जी. रानडे यांनी केलेली सामाजिक व आर्थिक पाहणी १९२७ मध्ये मुंबईच्या प्रांतिक सहकारी संस्थेने प्रसिद्ध केली. सहकारी पतपुरवठ्याचा प्रसार करणाऱ्या संस्थेला खेड्यातील कर्जबाजारीपणाचे चित्र हवे असणे स्वाभाविक होते.

स्वखर्चाचे संशोधन : अर्थसाहाय्याच्या इतिहासात अर्थसाहाय्याविना झालेल्या कामाची नोंद करणे आवश्यक आहे; कारण मराठीतील ग्रामीण समाजाचे कित्येक उत्तम अभ्यास असेच झाले आहेत. त्रिंबक नारायण आत्रे यांचा गाव-गाडा (१९१५) हा ग्रंथ सरकारी नोकरीतील निरीक्षणातून निर्माण झाला. न्यायखात्यात काम केलेले ना. गो. चापेकर यांनी आमचा गाव बदलापूर (१९३३) हा ग्रंथ लिहिला. चिपळूणजवळील परशुराम-पेढे परिसरात जन्मलेले पांडुरंग वामन काणे (१८८०–१९७२) यांनी वकिली करीत धर्मशास्त्राचा इतिहास लिहावयास घेतला व भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने तो १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत प्रसिद्ध केला. शासनाने त्यांना राष्ट्रीय संशोधन-प्राध्यापक नेमले ते १९५९ मध्ये, म्हणजे वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर. या विद्वानांना पैशाची अडचण नव्हती असे नव्हे; पगार, वकिली वा निवृत्तिवेतन त्यांच्याजवळ होते. ज्यांच्या घरी यांपैकी काहीच नव्हते, त्यांच्या हातून असे ग्रंथ लिहिले गेले नाहीत. अधिछात्रवृत्तीची खरी गरज तेथे होती.

शासकीय साहाय्य : स्वातंत्र्यानंतर नियोजनाबरोबर सामाजिक पाहण्यांची मागणी वाढली. नियोजन मंडळाने १९५३ मध्ये संशोधन कार्यक्रम समिती नेमून विद्यापीठांना व संस्थांना प्रकल्प देण्यास प्रारंभ केला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान मंडळ अस्तित्वात आले व १९५६ मध्ये त्यास कायद्याचे अधिष्ठान मिळाले. व्ही. के. आर्. व्ही. राव यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून १९६९ मध्ये भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष गाडगीळ आणि पहिले सदस्य-सचिव कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे जयंत पांडुरंग नाईक (१९०७–८१) हे होते. प्रकल्प-अनुदान, पीएच्.डी.साठी अधिछात्रवृत्ती आणि प्रबंधांच्या प्रकाशनास साहाय्य अशी परिषदेची कामे असून तिचे पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठात आहे. मंत्रालयाने थेट पैसा देण्याऐवजी विद्वानांच्या परिषदेने तो द्यावा, म्हणजे सरकारी धोरणावर टीका करणाऱ्या अभ्यासासही जागा राहील, हे या रचनेमागील तत्त्व. परिषदेचा पैसा मात्र शासनाचाच असल्याने हे अंतर कधी वाढले तर कधी घटले.

परदेशी पैशाविषयीचा वाद याच सुमारास उद्‌भवला. वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी गोखले संस्थेत केलेला भारतातील दारिद्र्याचा अभ्यास (१९७१) फोर्ड प्रतिष्ठानाच्या साहाय्याने झाला होता. त्याच्या निष्कर्षांवर दीर्घकाळ वादविवाद झाले. परंतु दारिद्र्याविषयीची देशातील चर्चा त्यामुळे आकड्यांवर येऊन ठेपली, हे टीकाकारांनाही नाकारता आले नाही. १९७६ मध्ये परकीय देणग्यांच्या नियमनाचा कायदा झाला. त्याची जागा २०१० च्या कायद्याने घेतली.

शेतीच्या तांत्रिक संशोधनास जिल्ह्यात जे सातत्य लाभले, ते सामाजिक पाहण्यांना क्वचितच लाभले. दापोली येथे १९७२ मध्ये कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम व हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये ‘रत्ना’ आणि रत्ना व हापूस यांच्या संकरातून १९९२ मध्ये ‘सिंधू’ हे आंब्याचे वाण प्रसारित झाले. संकराचे झाड फळास येईपर्यंत थांबणारे कायम केंद्र असल्यामुळेच हे शक्य झाले. त्याच बागांतील मजुरांविषयीचा अभ्यास मात्र बहुधा दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पात किंवा एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रबंधात आटोपतो.

पीएच्.डी.चे विद्यार्थी : विद्यापीठ अनुदान मंडळाच्या राष्ट्रीय परीक्षेतून निवडलेल्या कनिष्ठ अधिछात्रास १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व त्यानंतर ४२,००० रुपये अशी तरतूद आहे. निर्वाहाच्या दृष्टीने ही रक्कम पूर्वीपेक्षा बरी आहे. परंतु मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे यांच्या संशोधकास किरकोळ खर्चासाठी पहिल्या दोन वर्षांत मिळणारी रक्कम वर्षाला १०,००० रुपये आहे. मंडणगडपासून राजापूरपर्यंत पसरलेल्या जिल्ह्यातील वाड्यावस्त्यांवर फिरणाऱ्यास ती किती पुरेल, हे सांगावयास नको. महाराष्ट्र शासनाने अनुसूचित जातींसाठी पुण्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्थेमार्फत (बार्टी), मराठा व कुणबी समाजांसाठी २०१८ मध्ये स्थापन झालेल्या ‘सारथी’मार्फत आणि इतर मागास व भटक्या-विमुक्त वर्गांसाठी २०१९ मध्ये स्थापन झालेल्या ‘महाज्योती’मार्फत अधिछात्रवृत्त्या सुरू केल्या. ज्यांच्या घराण्यात शिक्षणाची पहिलीच पिढी आहे, अशा अनेकांना संशोधन यामुळे शक्य झाले. बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी पात्र ठरलेल्या सर्वांना ती मिळावी, या मागणीसाठी २०२३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर संशोधक विद्यार्थ्यांनी दीर्घकाळ धरणे धरले. मदत मंजूर होणे आणि ती वेळेवर हातात पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विलंबाचा भार घरी जमीन वा पगार असलेल्या विद्यार्थ्यास सोसतो, इतरांना संशोधन सोडून द्यावे लागते.

प्रकल्पाधिष्ठित संशोधन : मोठ्या औद्योगिक प्रकल्पांमुळे संशोधनाचा एक नवा दाता पुढे आला, तो म्हणजे प्रकल्प उभारू इच्छिणारा स्वतः. भारतीय नियमांनुसार पर्यावरणावरील परिणामांचा अहवाल प्रकल्पकर्त्याने आपल्या खर्चाने तयार करून घ्यावयाचा असतो. राजापूर तालुक्यातील जैतापूर अणुवीज प्रकल्पाचा अहवाल नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने अणुऊर्जा महामंडळासाठी तयार केला व २०१० मध्ये प्रकल्पास पर्यावरणीय मंजुरी मिळाली. मच्छीमार व बागायतदार यांनी अहवालावर घेतलेल्या आक्षेपांत शास्त्रीय मुद्द्यांबरोबरच ‘पैसा कोणाचा’ हा मुद्दाही होता. अशा अहवालांतील माहिती खोटीच असते असे मानण्याचे कारण नाही. पण कोणते प्रश्न विचारले गेले नाहीत, हे तपासण्याची सोय अहवालात नसते.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मार्च २०१० मध्ये माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पश्चिम घाट तज्ञ समितीकडे रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांचा विशेष विचार सोपविण्यात आला. समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल सादर केला. सिंधुदुर्गातील पंचवीस ग्रामसभांनी आपले क्षेत्र संवेदनशील जाहीर करण्याची मागणी ठरावाने केल्याचे तीत नमूद आहे. सार्वजनिक पैशातून झालेला हा अहवाल मात्र लगेच लोकांसमोर आला नाही. माहिती आयोगाचा आदेश व दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल झाल्यानंतर तो मे २०१२ मध्ये खुला झाला. ज्यांच्या जमिनींविषयी अभ्यास झाला त्यांना निष्कर्ष कळण्यास न्यायालयापर्यंत जावे लागले, ही गोष्ट अर्थसाहाय्याच्या अटींत प्रकाशनाची अट का असावी लागते हे स्पष्ट करते. विद्यापीठांतील प्रबंधांपुरती ही अट २००९ च्या नियमांनी आली. स्वीकृत प्रबंधाची संगणकीय प्रत ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय संग्रहात ठेवणे त्यामुळे आवश्यक झाले. त्यांतील सामाजिक विषयांवरील पुष्कळ प्रबंध इंग्रजीत असून ज्या गावांचा अभ्यास झाला तेथे त्यांचा सारांशही पोहोचत नाही.

जिल्ह्यातील अलीकडच्या एका महत्त्वाच्या शोधास प्रारंभी असे कोणतेच अर्थसाहाय्य नव्हते. सड्यांवरील जांभ्या दगडात कोरलेल्या कातळशिल्पांचा पद्धतशीर शोध सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आदी रत्नागिरीच्या हौशी अभ्यासकांनी आपापले व्यवसाय सांभाळून घेतला व गावकऱ्यांच्या आठवणींवरून एकेक स्थळ नोंदविले. पुरातत्त्व खाते व विद्यापीठे त्यांच्या मागून आली. २०२२ मध्ये कोकणातील नऊ स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत नोंदली गेली. त्यांपैकी सात रत्नागिरी जिल्ह्यात, एक सिंधुदुर्गात व एक गोव्यात आहे. त्या सातांतील बारसूच्या सड्याच्या परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्प प्रस्तावित झाला आणि २०२३ मध्ये तेथे माती परीक्षणाच्या वेळी मोठे आंदोलन झाले. त्या वेळी कातळशिल्पांच्या या नोंदीही वादाच्या दोन्ही बाजूंना विचारात घ्याव्या लागल्या.